चार क्लास, एक क्रमांक

बिल, पावती, क्रेडिट नोट, चलन. सी शार्पमध्ये लिहिलेल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधले हे चार क्लास. चौघांतही दस्तऐवज क्रमांकाची प्रॉपर्टी आहे, नावसुद्धा एकच. तरी क्रमांकावरून दस्तऐवज शोधणाऱ्या मेथड चार, एकीवरून दुसरी उतरवलेली. एकीतला बग काढला तरी उरलेल्या तिघींत तो सुखाने नांदतो.

मग एकच जेनेरिक मेथड लिहायला घेतली. 'टी' या अजून न ठरलेल्या टाइपची यादी आत घ्यायची आणि प्रत्येकाचा क्रमांक बघायचा. क्रमांकाचं नाव टाइप होताच त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते. एरर सीएस१०६१: टीमध्ये असं काही नाहीच. कंपायलरचं बरोबर आहे. टी म्हणजे उद्या कोणीही येईल. चौघांत नाव जुळलं हा त्याच्या लेखी योगायोग.

तेव्हा तेवढी एकच प्रॉपर्टी असलेला इंटरफेस लिहायचा, तो चारही क्लासना लावायचा आणि टीवर त्याची अट घालायची. रेघ जाते. क्लास टूलने तयार केलेले असतील, तर हाताने लिहिलेलं पुढच्या वेळी पुसलं जातं. पण ते पार्शल असले, तर इंटरफेस वेगळ्या फाइलमध्ये लावता येतो. रिफ्लेक्शनने नाव स्ट्रिंगमध्ये देऊनही काम भागतं. मला ते पटत नाही. कोणी प्रॉपर्टीचं नाव बदललं तरी बिल्ड बिनबोभाट होते आणि प्रोग्राम ग्राहकाकडे बंद पडतो.

टाइपस्क्रिप्ट या भाषेला मात्र आकार जुळला की पुरतं, इंटरफेसशी नातं जाहीर करावं लागत नाही. गोमध्ये २०२२ साली, १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स आले, पण सगळ्या स्ट्रक्टमध्ये तेच फील्ड असलं तरी टाइप पॅरामीटरमधून ते वाचता येत नव्हतं. मेथडच लिहावी लागे.

क्रमांकाचं जमलं की हात शिवशिवतात. रक्कमही चौघांत आहे, मग तिचाही इंटरफेस करून बेरजेची एकच मेथड का नको? इथे कंपायलर चकार शब्द काढत नाही. पण क्रेडिट नोटची रक्कम अधिक म्हणून साठवलेली असली, तरी विक्रीतून ती वजा व्हायला हवी. जॉबवर्कला पाठवलेल्या मालाच्या चलनावर नुसती मालाची किंमत असते, ती विक्री नव्हे. पावतीवरचे पैसे बिलात आधीच धरलेले. हे कोडमध्ये कुठेच दिसत नाही. त्यासाठी अकाउंट्समध्ये जाऊन बसावं लागतं. तिथून परतल्यावर रकमेचा इंटरफेस काढून टाकला आणि त्या जागी विक्रीवरच्या परिणामाची प्रॉपर्टी असलेला इंटरफेस आला: बिलात अधिक, क्रेडिट नोटमध्ये उणे. पावती आणि चलनाला तो इंटरफेसच नाही. त्यांची यादी बेरजेला दिली, की कोड कंपाइलच होत नाही.