चित्राचें मोल आणि चित्राचें वर्णन

श्रोतेहो, चित्र पाहून आपण बहुधा दोनच उद्गार काढतों: "हुबेहूब आहे" किंवा "कांहीं कळलें नाहीं". अलीकडे तिसऱ्याची भर पडली आहे: "केवढ्याला गेलें?" या उद्गारांनीं चित्राचें वर्णन होतें काय, याचा आज विचार करूं.

उदाहरण आपल्या नागपूरचेंच घेऊं. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालीं येथेंच झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ मध्यें घेतली. २००१ मध्यें ते निवर्तले. त्यांचें एक निनांवी चित्र डिसेंबर २०१३ मध्यें मुंबईच्या लिलांवांत सुमारें २३ कोटी ७० लक्ष रुपयांस गेलें.

हुडकेश्वरास आमच्या बैठकींत ही वार्ता निघाली, तेव्हां एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, त्या चित्रांत आहे तरी काय?" मीं पुन्हां किंमतच सांगितली. घरीं आल्यावर लाज वाटली. कारण माझें उत्तर चित्राविषयीं नव्हतें, गिऱ्हाइकांविषयीं होतें. लिलांवांत दोघे हटून बसले कीं आंकडा चढतो. चित्र मात्र रंगविलें त्या दिवशीं होतें तेंच राहतें.

मग वर्णन कसें करावें? प्रथम दिसतें तें सांगावें, नंतर तें कसें घडलें तें पाहावें, आणि मत शेवटीं द्यावें. गायतोंडे रूळ व सुरी घेऊन रंगाचे थर चढवीत, कोठें ते खरडून काढीत. त्यामुळें खालचा रंग वरच्यांतून उजळतो. आपल्या चित्रांस 'अमूर्त' म्हटलेलें त्यांस रुचत नसे. त्यांत वस्तूचें चित्रण मुळीं नाहींच, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून "हें कशाचें चित्र?" हा प्रश्न तेथें लागू पडत नाहीं. गवयाचा आलाप ऐकतांना "हा कशाचा आवाज?" असें आपण विचारतों काय? तेथें स्वर, लय आणि विसांवा ऐकतों. तसेंच येथें रंग, थर आणि मोकळी जागा पाहावी.

एवढें करूनही चित्र आवडेलच असें नाहीं. नावडण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मात्र आधीं पाहिलें पाहिजे.

पुढें त्या गृहस्थांस मीं एका चित्राची छापील प्रत दाखविली. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "पहाटेच्या धुक्यांतलें तळें वाटतें, पण मला कांहीं रुचलें नाहीं." हें वर्णनही झालें व मतही झालें, आणि दोन्ही त्यांचीं स्वतःचीं होतीं. श्रोत्यांनींही असेंच करून पाहावें, एवढी विनंती करून रजा घेतों.