एकवीस बाइटांचं गुऱ्हाळ

कोल्हापुरात रंकाळ्यावर भेळ खाता खाता मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कुठं हाईस?’ असं लिहून पाठवलंत, की त्याच क्षणी तुम्ही डेटाबेसात एक नोंद केलेली असते. अँड्रॉइड फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसच्या फाइलीत साठतात. त्याचा जन्म युद्धनौकेच्या कामातून झाला. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला, की त्यांचं चांगलं चालणारं सॉफ्टवेअरही अडून बसायचं. मग सर्व्हरच नको, एक साधी फाइल पुरे, असं त्यांनी ठरवलं आणि 2000 साली एसक्यूलाइट आलं.

हिप यांनी त्यावरचा कॉपीराइट सोडून दिला. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर जिथं कायदेशीर परवाना असतो, तिथं त्यांनी आशीर्वाद लिहिला आहे: भलं करा, क्षमा करा, द्याल त्याहून जास्त घेऊ नका, अशा आशयाचा. परवान्याच्या जागी पसायदानच म्हणा ना! सॉफ्टवेअरच्या दुनियेतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच.

माय, मारिया आणि मॅक्स

‘मायएसक्यूएल’ मधला ‘माय’ म्हणजे इंग्रजीतला ‘माझा’ नव्हे आणि आपली मायही नव्हे. ते मुलीचं नाव आहे. 1995 साली हा डेटाबेस बाजारात आणणाऱ्या तिघांपैकी मायकेल ‘माँटी’ विडेनियस यांची थोरली लेक माय. मुलगा मॅक्स, त्याच्या नावाचा ‘मॅक्सडीबी’. पुढं 2008 मध्ये सन कंपनीनं सुमारे 1 अब्ज डॉलरला मायएसक्यूएल विकत घेतलं आणि 2010 मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या हाती गेली. पण कोड खुला होता! ओरॅकलचा सौदा ठरत होता त्याच 2009 साली माँटींनी त्या कोडची वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या लेकीचं नाव दिलं: ‘मारियाडीबी’. विकिपीडियानं 2013 मध्ये आपला संसार मारियाडीबीवर हलवला. म्हणजे मराठी विकिपीडियावर कोल्हापूरचा लेख उघडलात, तर तो मारियाच्या घरून येतो.

मायएसक्यूएलच्या बोधचिन्हातल्या डॉल्फिनचं नाव सकिला. ते स्पर्धा घेऊन निवडलं गेलं आणि जिंकणारा डेव्हलपर होता आफ्रिकेतल्या तेव्हाच्या स्वाझीलँडचा. पोस्टग्रेस या दुसऱ्या खुल्या डेटाबेसच्या हत्तीचं नाव स्लोनिक, म्हणजे रशियन भाषेत छोटा हत्ती. रेडिस या आणखी एका डेटाबेसचा पोर्ट क्रमांक 6379 कुठून आला? जुन्या मोबाइलच्या बटणांवर ‘मर्झ’ या आडनावाची इंग्रजी अक्षरं दाबून बघा. ते एका इटालियन टीव्ही तारकेचं आडनाव आहे.

कोल्हापूर किती मोठं?

27 बाइट. इंग्रजीत लिहिलंत तर 8.

युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र अशी ‘कोल्हापूर’ची 9 चिन्हं होतात. आपण मोजतो 4 अक्षरं, डेटाबेस मोजतो 9, डिस्क मोजते 27. तिघंही आपापल्या जागी बरोबर. म्हणून गावाच्या नावाचा रकाना ‘दहा अक्षरांचा’ ठेवण्याआधी नेमकं काय मोजलं जातंय ते विचारा, नाहीतर ‘गडहिंग्लज’ भरताना कळेल. अक्षरं 5 आणि चिन्हं 9, म्हणून ते थोडक्यात बसतं. शेवटी एक जागा सोडून ‘शहर’ लिहायला गेलात, की संपलं!

खरी गंमत गुऱ्हाळाची. त्यातला आडव्या मिशीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कळफलकावर ऱ हे वेगळं चिन्ह आणि हलन्त येतं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारा जोडकाम करणारा वर्ण. पडद्यावर दोन्ही गुऱ्हाळं सारखीच दिसतात, पण पहिलं 21 बाइटांचं आणि दुसरं 24 बाइटांचं. पोस्टग्रेसला साध्या बरोबरीच्या चिन्हानं विचारलंत, तर ही दोन गुऱ्हाळं वेगळी आहेत असंच तो सांगेल. गुळाच्या व्यवहाराच्या यादीत एकानं एका कळफलकावर नोंद केली आणि दुसऱ्यानं दुसऱ्यावर शोधली, तर ‘नोंद सापडली नाही’. सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा, वऱ्हाड, सगळ्यांची हीच गत. उपाय सोपा आहे: नोंद आत घेतानाच एक रूप ठरवायचं आणि दुसरं त्यात बदलून घ्यायचं. मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्याच दिवशी करावं, असं मला कळकळीनं वाटतं.

आता यादी लावा: करवीर, कसबा बावडा, कळंबा. मराठी कोशात हाच क्रम, कारण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ चिकटलाय ल ला. त्यामुळे मराठीचं काही न सांगता लावलेल्या यादीत कळंबा उडी मारून कसबा बावड्याच्या पुढं जातो. क्ष आणि ज्ञ यांचंही तेच. ते क आणि ज च्या गर्दीत मिसळतात, शेवटी येत नाहीत. पोस्टग्रेसच्या 10 व्या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, आयसीयू या खुल्या लायब्ररीच्या मदतीनं मराठीचा क्रम मागता येतो. मागावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

आणि मोडी! कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचे मोडी कागद आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली 2014 साली, पण ती इतकी लांबची, की तिथलं एकेक चिन्ह 4 बाइट घेतं. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ-8’ मात्र 3 बाइटांवरच थांबायचा. देवनागरी आत आणि मोडी दाराबाहेर. इमोजीही दाराबाहेरच! 4 बाइट घेणारा ‘यूटीएफ-8-एमबी-4’ 2010 मध्ये आला आणि 2018 च्या 8.0 आवृत्तीत तोच मुळातून ठरलेला झाला. आपली जुनी लिपी आणि हसरा चेहरा एकाच दारातून आत आले.

इशारा 39, धोका 43

सर्व्हर सांभाळणाऱ्याला ‘वॉर्निंग’ आणि ‘क्रिटिकल’ या दोन पातळ्या शिकवाव्या लागतात. नागिऑससारख्या खुल्या देखरेख साधनात त्या याच नावांनी असतात. कोल्हापूरकराला काय शिकवायचं? पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. डिस्क 80 टक्के भरली की इशारा, 90 ला धोका, असं लावलंत की झाली तुमची पंचगंगा.

पण इशारा पोचलाच नाही तर? 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा एका थकलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसायची आज्ञा दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, त्यातली एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता, कारण साधनाची आवृत्ती जुनी होती आणि डेटाबेसची नवी. फसल्याच्या ई-मेलही वाटेतच नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी योगायोगानं काढलेल्या एका प्रतीनं वाचवलं. कंपनीनं मात्र काहीच झाकलं नाही. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, चुकांची यादी जगापुढं ठेवली. याला म्हणतात खुलेपणा.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या पुढं गेली, शाहूपुरीत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. तळमजल्यावर सर्व्हर आणि शेजारच्या कपाटात बॅकअपची डिस्क असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात. म्हणून जुना नियम: प्रती 3, साधनं 2 प्रकारची आणि 1 प्रत गावाबाहेर. अन् वर्षातून चारदा तरी ती प्रत खरोखर परत उभी करून बघायची.

राधानगरीची दारं

राधानगरी धरणाला 7 स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं, की पाण्याच्या दाबानं ते आपसूक उघडतात, एकेकातून 1428 क्यूसेक. पोस्टग्रेसमध्ये हेच काम ‘ऑटोव्हॅक्यूम’ करतो. तिथं नोंद बदलली की जुनी नोंद खोडली जात नाही, नवी शेजारी लिहिली जाते, कारण जुनी कुणीतरी अजून वाचत असेल. अशा मेलेल्या नोंदी साचत जातात. मुळात ठरलेला हिशेब असा: 50 अधिक एकूण नोंदींच्या 20 टक्के. 1 लाख नोंदींच्या तक्त्यात 20,050 मेलेल्या नोंदी ओलांडल्या, की दार उघडलं आणि झाडलोट सुरू.



पोस्टग्रेसच्याच 2008 च्या 8.3 आवृत्तीत ‘हॉट’ नावाची सोय आली, आणि ती घडवणारं प्रमुख नाव पुण्याच्या पवन देवलसी यांचं. त्याआधी एखाद्या नोंदीतला फोन नंबर बदलला, तरी त्या नोंदीच्या सगळ्या सूचींत नवी ओळ घालावी लागे. सूचीत असलेलं काही बदललं नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर सूचीला हातच लावायचा नाही, ही ‘हॉट’ची युक्ती. जगभरचे पोस्टग्रेस आज दर सेकंदाला ती वापरतात आणि बहुतेकांना ती आहे हेही ठाऊक नसतं.

2018 च्या 11 व्या आवृत्तीच्या माहितीपत्रात तर मराठी नावांची पंगतच बसली आहे. मोठा तक्ता तुकड्यांत वाटलेला असेल, तर तुकड्याला तुकडा जोडायची सोय आशुतोष बापट यांची, आणि तुकड्यातुकड्यांवर बेरजा करण्याच्या सोयीवर जीवन चाळके यांचं नाव पहिलं. या दोन्ही सोयी सुरुवातीला बंदच असतात, कारण आखणी करताना त्या जास्त मेमरी खातात. तुमच्याकडे महिन्यामहिन्याचे तुकडे केलेला मोठा तक्ता असेल, तर कॉन्फिगरेशन फाइलीत जाऊन दोन ओळी ‘ऑन’ करा आणि आधी लागणारा वेळ कागदावर लिहून ठेवा.