औषधे आणि वार्धक्य : नागिणीवरील औषध आणि बुद्धिभ्रम

नागिणीवर दिली जाणारी एसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे सुरक्षित मानली जातात, आणि हा लौकिक रास्तच आहे. कारण एसायक्लोव्हिरला कार्यक्षम करणारे पहिले विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, विषाणूच पुरवतो आणि त्यामुळे निरोगी पेशींना सहसा इजा होत नाही. ज्या संशोधनपरंपरेतून हे औषध निघाले, तिच्या अध्वर्यू गर्ट्रूड एलियन यांना 1988 मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. व्हॅलासायक्लोव्हिर हे त्याचेच आतड्यातून अधिक शोषले जाणारे रूप असून, शरीरात गेल्यावर त्याचे एसायक्लोव्हिरमध्ये रूपांतर होते.

वृद्धांच्या बाबतीत धोका उद्भवतो तो औषध बाहेर टाकण्याच्या टप्प्यावर. एसायक्लोव्हिरचा बहुतांश भाग मूत्रावाटे जातो. निरोगी प्रौढाच्या रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे 3 तासांत निम्मे होते, तर मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात त्यालाच सुमारे 20 तास लागतात. औषध आणि त्याचा सीएमएमजी हा उपपदार्थ असा साचत गेला की साधारणतः 1 ते 3 दिवसांत रुग्ण गोंधळतो, असंबद्ध बोलतो, नसलेली माणसे पाहतो, त्याच्या हातापायांना झटके येतात, आणि क्वचित आपण मृत झालो आहोत अशी त्याची खात्री पटते. अशा अवस्थेला म्हातारचळ म्हणून सोडून देणे, हे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुःखद आणि सर्वांत टाळण्याजोगे आहे.

रक्तातील क्रिएटिनिन येथे फसवे ठरते, कारण ते स्नायूंतून निर्माण होते आणि वृद्धांचे स्नायू झिजलेले असल्याने मूत्रपिंडे मंदावली तरी त्याचा आकडा फारसा वाढत नाही. 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन 1.2 असेल, तर अहवाल जवळपास सामान्य वाटतो. परंतु वय आणि वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने तिच्या मूत्रपिंडांची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे 27 मिलिलिटरच भरते. व्हॅलासायक्लोव्हिरची 1 ग्रॅमची मात्रा एरवी दिवसातून 3 वेळा दिली जाते. तिला ती एकदाच द्यावयाची असते. त्यातच वेदनेसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी घेतली, तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि प्रीगॅबालिन दिले असल्यास तेही मूत्रपिंडांवाटेच जात असल्याने साचून गुंगी आणते.

निदानातील खरा पेच असा की नागिणीचा विषाणू स्वतःही मेंदूदाह घडवू शकतो आणि त्यावर हेच औषध शिरेतून द्यावे लागते. ताप, तीव्र डोकेदुखी किंवा शरीराच्या एका बाजूची दुर्बलता दाहाकडे बोट दाखवते, तरी पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणी पुष्कळदा आवश्यक ठरते. दोष औषधाचा असल्यास ते थांबवल्यावर बहुतेक रुग्ण काही दिवसांत पूर्ववत होतात. गंभीर स्थितीत डायलिसिसने औषध रक्तातून काढून टाकता येते.

म्हणून घरातील वृद्धाला हे औषध सुरू होताना त्याचे वजन, मूत्रपिंडांचा पूर्वेतिहास आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत, आणि बोलण्या-वागण्यात अचानक फरक दिसल्यास पुढची गोळी देण्यापूर्वी त्यांना त्वरित कळवावे.