परसातील कोंबड्या आणि रंगीत अंडी : जातींची निवड कशी करावी?

शेतीला पूरक असा, थोड्या भांडवलात आणि घरच्या मनुष्यबळावर चालणारा व्यवसाय म्हणून परसातील कुक्कुटपालनाचे महत्त्व मोठे आहे. दहा-बारा कोंबड्यांचा लहानसा कळप गृहिणीच्या हाती नियमित पैसा देतो आणि मुलाबाळांच्या आहारात प्रथिनांची भर घालतो. बाजारात तपकिरी अंड्याला पांढऱ्या अंड्यापेक्षा अधिक भाव मिळतो. त्यामुळे रंगीत अंडी देणाऱ्या जातींकडे पशुपालकांचा ओढा असणे स्वाभाविक आहे. मात्र निवड करताना केवळ अंड्याच्या रंगावर विसंबून चालणार नाही.

रंग कोठून येतो?

अंड्याचे कवच मुख्यतः चुनखडीचे असते व ते मूळचे पांढरेच असते. कोंबडीच्या गर्भाशयात कवच तयार होण्यास सुमारे २० तास लागतात. त्यातील अखेरच्या काही तासांत तपकिरी रंगद्रव्याचा थर वर चढतो, म्हणूनच तपकिरी कवच आतून फिकट दिसते. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अरौकाना कोंबडीचे निळे अंडे याला अपवाद आहे. तिचा रंग कवचात आरपार मुरलेला असतो.

कवचाचा रंग जातीवर, म्हणजेच आनुवंशिकतेवर अवलंबून असतो. त्याचा पौष्टिकतेशी संबंध नाही. बलकाचा गडद पिवळा रंग मात्र हिरवा चारा, मका अशा खाद्यातून येतो. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबडीची अंडी एकाएकी फिकी पडू लागली, तर रोग, उष्णतेचा ताण किंवा वाढते वय यांपैकी कोणते कारण आहे, हे तपासावे.

कोणती जात निवडावी?

*ग्रामप्रिया* : हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली ही जात तपकिरी अंड्यांसाठी उत्तम होय. परसातही ती वर्षाला दीडशेहून अधिक अंडी देऊ शकते.

*वनराजा* : याच संस्थेची ही जात अंडी व मांस या दोन्हींसाठी उपयुक्त आहे. वर्षाला साधारण शंभर अंडी मिळतात. अंगाने जड असल्याने कुत्रे-मांजरांपासून तिला जपावे लागते.

*कडकनाथ* : मध्य प्रदेशातील झाबुआची ही काळी जात. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिची अंडी काळी नसून फिकट तपकिरी असतात. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथची अंडी व पक्षी परत विकत घेण्याच्या आश्वासनावर हजारो शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याचे प्रकरण उघडकीस आले. गावातील मागणी आधी पाहावी आणि मगच पैसा गुंतवावा, हा त्यातील धडा होय.

*गावरान* : अंडी थोडी, परंतु काटक, चपळ आणि खुडूक बसणारी. सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यामुळे पिल्ले काढण्यासाठी दोन गावरान कोंबड्या कळपात हव्यातच.

दहा कोंबड्यांचा कळप

सहा ग्रामप्रिया, दोन कडकनाथ व दोन गावरान कोंबड्या अशी विभागणी सोयीची ठरेल. ग्रामप्रिया ही संकरित जात असल्याने तिच्या पुढील पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. तिची अंडी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी ठेवावीत. नवी पिल्ले मात्र खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच आणावीत. खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले काढावयाची असतील तरच एक कोंबडा ठेवावा.

रात्रीसाठी मुंगूस शिरणार नाही असे कोरडे, हवेशीर खुराडे असावे. कोंबड्या परसात चरत असल्या तरी दाण्याची थोडी जोड द्यावी. कवच मजबूत राहण्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. मानमोडी (राणीखेत) रोग एका आठवड्यात सारा कळप नष्ट करू शकतो. म्हणून पिल्लांना पहिली लस ५ ते ७ दिवसांच्या वयात टोचून नव्हे, तर डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून द्यावी. पुढील लसी व देवीची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात.

टोपलीतील तपकिरी, बदामी अंडी ग्राहकाला आकर्षित करतील हे खरे. परंतु कळपाची भरभराट होते ती निरोगी पक्षी, योग्य जात आणि दक्ष निगा यांमुळेच. पशुपालक बंधुभगिनींनी पिल्ले खरेदी करण्यापूर्वी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सल्ला घ्यावा, हे हिताचे ठरेल.