वाचा गेली म्हणजे समज गेली नव्हे

वार्धक्यात कोणाचा आवाज घोगरा होतो, कोणाची जीभ अडखळते, तर कोणाला समोर ठेवलेल्या वाटीचे नावच सुचत नाही. घरात या तिन्हींचे एकच निदान ठरलेले असते : ‘आता वय झाले.’ वर ‘साठी बुद्धी नाठी’ ऐकवली की विषय संपला. वस्तुतः ही तीन निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांची स्थानेही निरनिराळी आहेत.

आवाज निर्माण होतो तो स्वरयंत्रात. फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने दोन स्वरतंतू कंप पावतात. पुरुषांत सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा. वयानुसार हे तंतू पातळ होतात, एकमेकांना नीट भिडत नाहीत आणि आवाज कापरा, हवेशीर होतो. यात घाबरण्याजोगे काही नाही. मात्र सर्दीने बसलेला घसा साधारण दोन आठवड्यांत मोकळा व्हायला हवा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. तंबाखू, विडी वा मिश्रीची सवय असेल तर विनाविलंब. वर येणारे आम्लपित्त, स्वरतंतूंवरील गाठी, थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतूला पोचलेली इजा, कर्करोग अशी अनेक कारणे असू शकतात. स्वरयंत्राची डावी मज्जा तर छातीत उतरून महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा गळ्याकडे चढते. म्हणूनच बसलेल्या आवाजासाठी डॉक्टरांनी छातीची तपासणी सांगितली, तर तो अनाठायी खर्च समजू नये.

उच्चाराचे दोष निराळे. येथे शब्द मनात तयार असतो, पण जीभ, ओठ व टाळू यांचे स्नायू साथ देत नाहीत. कंपवातात आवाज हळूहळू इतका मंद होतो की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही. रुग्णाला मात्र आपण पूर्वीसारखेच बोलत आहोत असे वाटते. ‘मी नीटच बोलतो, तुलाच ऐकू येत नाही,’ हा वाद अशा पुष्कळ घरांत चालतो. (कधीकधी दोन्ही पक्षांचे खरे असते, तेव्हा श्रवणतपासणीही करून घ्यावी.) मोठ्याने बोलण्याचा नियमित सराव वाक्-उपचारतज्ज्ञ करवून घेतात व त्याने पुष्कळांना फरक पडतो.

सर्वांत गैरसमज आहेत ते वाचाघाताबद्दल. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण एकवीस वर्षे राहत होता. काहीही विचारले तरी तो ‘तान, तान’ एवढेच म्हणे, म्हणून त्याचे नावच ‘तान’ पडले. १८६१च्या एप्रिलमध्ये शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी त्याला तपासले. येथे किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर त्याने हाताची पाच बोटे चार वेळा उघडून दाखवली आणि मग एक बोट. हिशेब अचूक होता! दुसऱ्या दिवशीही त्याने तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो संतापला. काही दिवसांतच तो वारला आणि त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, कपाळामागील भागात, ब्रोकांना इजा आढळली. पुष्कळसे कळत असूनही सांगता न येणारा माणूस कसा असतो, हे त्या बोटांनी दाखवले.

याचा दुसराही एक प्रकार आहे. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी वर्णिलेल्या या प्रकारात रुग्ण सलग बोलतो, पण शब्दांचा मेळ बसत नाही आणि इतरांचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. घरचे त्याला भ्रमिष्ट ठरवतात. पण चेहरे, स्पर्श, आवाजातील राग किंवा माया तो बहुधा ओळखत असतो.

वाचाघाताचे प्रमुख कारण म्हणजे पक्षाघाताचा झटका. बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले, एका हातातील बळ गेले, तर साखर-पाणी वा गोळी तोंडात घालू नये. गिळण्याची क्रियाही बिघडलेली असू शकते व घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी आणि १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. दहा मिनिटांत बोलणे पूर्ववत झाले तरीही रुग्णालयात जावेच. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

घरी परतल्यावर खरी कसोटी कुटुंबाची लागते. दूरदर्शन संच बंद करून समोर बसावे, वाक्ये छोटी ठेवावीत. ‘काय हवे?’ याऐवजी ‘चहा की दूध?’ असे दोन्ही वस्तू दाखवून विचारावे. उत्तरासाठी थांबावे, शब्द आपणच पुरवण्याची घाई करू नये. लहान मुलाशी बोलावे तसे लाडिक बोलू नये आणि रुग्णाच्या देखत त्याच्याविषयी इतरांशी चर्चा तर मुळीच नको. वाक्-उपचार शक्य तितक्या लवकर सुरू करावेत. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत अशी सोय आहे. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत अधिक वेगाने होते, परंतु पुढेही ती थांबत नाही.

आणखी एक गोष्ट करून पाहावी. स्वतःचे नाव सांगू न शकणारे कित्येक रुग्ण पाठ असलेली आरती, पाढे किंवा वारांची नावे ओळीने म्हणू शकतात, कारण सवयीचे पाठांतर आणि नवे वाक्य रचणे यांसाठी मेंदू सारखाच मार्ग वापरत नाही. संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्या शेजारी बसून संथपणे म्हणायला सुरुवात करावी, आणि मध्येच थांबून पुढचा शब्द त्यांच्यासाठी सोडावा.