'लेऑफ' की 'रिट्रेंच'? नीट वाचा!

चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या बातम्या इंग्रजी पेपरात वाचता ना? मग 'रिट्रेंच' हे क्रियापद भेटलंच असेल. मुळात फ्रेंच, अर्थ कापणं. सरकार खर्च 'रिट्रेंच' करतं तेव्हा ती काटकसर. कंपनी माणसं 'रिट्रेंच' करते तेव्हा ती कामगार कपात. आपण मात्र सरसकट 'लेऑफ' म्हणून मोकळे होतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने हे दोन्ही वेगळे धरले. लेऑफमध्ये काम तात्पुरतं थांबतं, नोकरी राहते. रिट्रेंचमध्ये नोकरीच जाते. म्हणून वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. घरात कुणाला असं पत्र आलं, तर आधी त्यातलं क्रियापद बघा. हक्काचे पैसे त्यावर ठरतात.