परक्या आज्ञावलीस मर्यादेची भिंत

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणास ३३ दरवाजे आहेत. कोणते दरवाजे किती उघडावयाचे हे ठरवूनच वैनगंगेत पाणी सोडले जाते. संगणकात बाहेरून आणलेल्या आज्ञावलीसही अशीच मर्यादा घालता येते.

एरवी संगणकावर आज्ञावली सुरू केली, की चालविणाऱ्याचे बहुतेक अधिकार तिला आपोआप लाभतात. घरपट्टीचा गोषवारा काढण्यासाठी ग्रामपंचायतीने आणलेली आज्ञावली त्याच संगणकातील जन्ममृत्यूच्या नोंदीही वाचू किंवा पुसू शकेल. हा धोका ‘वेबअसेंब्ली’ या पद्धतीने टाळता येतो. डिसेंबर २०१९ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. या पद्धतीत पूर्वरूपांतरित आज्ञावली स्मृतीच्या आखून दिलेल्या भागातच चालते. फाइल, घड्याळ किंवा इंटरनेट यांपर्यंत तिला स्वतःहून पोहोचता येत नाही. ही दारे मोजूनमापून उघडण्यासाठी २०१९ मध्येच ‘वासी’ ही जोडव्यवस्था पुढे आली. तीनुसार चालविणारा जे फोल्डर सोपवील, तेवढेच आज्ञावलीस दिसते.

तथापि, सोयीसाठी सर्वच फोल्डर सोपविल्यास ही भिंत निरुपयोगी ठरते; सोपविलेल्या नोंदींत झालेली चूकही ती रोखू शकत नाही. म्हणून कामापुरताच अधिकार देणे आणि नोंदींची प्रत स्वतंत्र राखणे, ही दक्षता दप्तर सांभाळणाऱ्यांनीच घ्यावयाची आहे.